फोंडा गायब, म्हापशाचा ‘पस’

पत्र, थोडक्यात : फोंडा तालुक्यातली एक वाचक लिहिते, “वय सत्तावीस. एमसीए झालंय. एका छोट्या संस्थेत आम्ही तिघंजण काम करतो. गावागावांतले लोक आमच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर तक्रारी पाठवतात. नळ, वीज, कचरा, रस्ते, शेतांचे बांध, काय वाटेल ते. दोन वर्षांत नऊएक हजार मेसेज साठलेत. ते विषयवार आणि गाववार आपोआप लावायचं काम माझ्याकडे आलंय. मेसेज मराठीतच आहेत. मजकुरावर काम करणाऱ्या तयार सॉफ्टवेअर-लायब्रऱ्यांत एनएलटीके बघितलं, स्पेसी बघितलं, स्टॅन्झा बघितलं. तीन महिने व्हिडिओ बघण्यातच गेले. सोबत काम करणारे एक दादा म्हणतात, हे सगळं जुनं झालं, सरळ एआयकडे दे. सर म्हणतात, खर्च शून्य पाहिजे. मला वाटतं, एकदाच नीट पाया घालावा, नाहीतर वर्षभरात सगळं मोडून पुन्हा करावं लागेल. ताई, नेमकं कोणतं साधन निवडू? ता. क. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप हप्त्यांवर घ्यायचं मनात आहे. घेऊ का?” सोबत तिने नावं आणि नंबर खोडून बारा मेसेज नमुन्याला जोडले आहेत.

बाय, तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि ते बारा मेसेज चार वेळा.

तू म्हणतेस मेसेज मराठीतच आहेत. मी मोजले. देवनागरी मराठीत सहा. ‘दोन दीस जाले, उदक येना’ अशा सरळ कोंकणीत दोन. उरलेले चार रोमी (म्हणजे इंग्रजी) अक्षरांत, आणि त्यातला एक मराठीत सुरू होऊन कोंकणीत संपतो. गोव्यात हे वाक्य जरा हळू आवाजातच बोलावं लागतं, पण इथे भाषावादाचा प्रश्नच नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरायची मुभा राहिली. एकाच टेबलावर दोन्हीतले अर्ज येतात ते त्यामुळे. माणसं तर एका वाक्यातही दोन्ही वापरतात. आपल्याला ते वाचताना जाणवतसुद्धा नाही, म्हणून तुला सगळं मराठीच वाटलं. यंत्राला मात्र ‘येना’ आणि ‘येत नाही’ एकच आहे हे कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. नऊ हजारांपैकी किती मेसेज तू स्वतः बसून वाचलेस? पत्रात व्हिडिओंचा हिशेब आहे, मेसेजचा नाही. हा टोमणा नाही. या कामात नवीन आलेला प्रत्येक जण हेच करतो. मीही केलंय. साधनांची तुलना करणं स्वच्छ काम असतं, लोकांच्या तक्रारी वाचणं चिखलाचं.

आज संध्याकाळी एक छोटा प्रयोग कर. सायकिट-लर्न या यंत्राला शिकवायच्या लायब्ररीतला शब्द मोजणारा काउंट व्हेक्टरायझर घे. कोणतंही सेटिंग न बदलता त्याला आपल्या गावांची नावं दे आणि त्याने कोणते शब्द ओळखले ते छापून बघ. पणजीचं ‘पणज’ होईल, मडगावचं ‘मडग’ आणि म्हापशाचा नुसता ‘पस’ उरेल. फोंडा, डिचोली आणि वास्को यादीत नसतीलच. कारण साधं आहे. शब्द म्हणजे काय हे तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या बॅकस्लॅश-डब्ल्यू या खुणेने ठरवतो. त्या खुणेला आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत, म्हणून शब्द तिथे तुटतो. वर एकाक्षरी तुकडे टाकून द्यायचे असा त्याचा मूळ नियम. फोंड्यातून ओकार, अनुस्वार आणि काना काढला की राहतात सुटे ‘फ’ आणि ‘ड’. दोन्ही केरात. तू राहतेस तो तालुकाच गेला! आणि पडद्यावर चूक झाल्याची एक ओळसुद्धा येत नाही. आकडे येतात, आलेखही निघतो.

उपाय एका ओळीचा आहे. शब्दाची व्याख्या आपण द्यायची, मोकळ्या जागेवर तोडायचं आणि विरामचिन्हं वेगळी काढायची. पण ही चूक व्हिडिओत दिसली नसती, कारण व्हिडिओतली वाक्यं इंग्रजी असतात.

आता तू बघितलेली तीन साधनं. एनएलटीकेचा जन्म २००१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला, तो शिकवण्यासाठी. त्यासाठी ते आजही चांगलं आहे. त्यात भारतीय भाषांचा एक छोटा संच आहे आणि मराठीची व्याकरणखुणा लावलेली वाक्यंही आहेत. ती बघून आनंद होतो, पण नऊ हजार तक्रारी त्यावर लागत नाहीत.

स्पेसी २०१५ पासूनचं. वेगवान, नीटनेटकं, रोजच्या कामासाठी बांधलेलं. इंग्रजीसाठी मी डोळे मिटून घेईन. मराठीसाठी मात्र त्यात शब्द तोडायची सोय आणि वगळायच्या शब्दांची यादी एवढंच आहे, शिकवून तयार केलेलं मराठी मॉडेल नाही. ती यादी तर एकदा उघडून बघच. तिच्यात ‘जैसें’ आहे, ‘म्हणोनि’ आहे, ‘किरीटी’सुद्धा आहे. ओव्यांतले शब्द मोजून काढल्यासारखा तिचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा वर्तमानपत्री, त्यात ‘पाटील’ हा वगळायचा शब्द! हसून सोडून दिलं असतं, पण त्याच यादीत ‘नाही’ आहे आणि ‘ना’सुद्धा आहे. ‘पाणी येत नाही’मधून ‘नाही’ काढलं की राहतं ‘पाणी येत’. तुझ्याकडचा प्रत्येक दुसरा मेसेज नकारावर उभा आहे. तक्रारींच्या कामात असली तयार यादी लावूच नकोस.

स्टॅन्झा हे स्टॅनफर्डचं. त्यात मराठी खरोखर आहे. शब्दाचं मूळ रूप, नाम की क्रियापद, कर्ता कोण, सगळं सांगतं. पण ते मराठी ज्या वाक्यसंचावर शिकलंय त्यात पाचशेच्याही आत वाक्यं आहेत आणि तीही बहुतेक गोष्टींतली. त्यात ‘चिखलीच्या वळणावर ट्रान्सफॉर्मर जळला’ कुठून येणार? मुख्य म्हणजे तुला वाक्याचं व्याकरण नकोच आहे. मेसेज पाण्याचा की विजेचा, आणि कुठल्या गावचा, एवढंच हवंय.

तू न बघितलेल्या साधनांत दोन-तीन बघण्यासारखी आहेत. पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट नावाची मॉडेलं केली (बर्ट म्हणजे ढीगभर मजकूर वाचून भाषा शिकलेलं मॉडेल, ते आपल्या कामापुरतं पुढे शिकवून घ्यायचं), आणि महानेर हा नावं ओळखायला शिकवणारा २५,००० वाक्यांचा संच हाताने खुणा लावून तयार केला. मद्रास आयआयटीतल्या एआय४भारतने भारतीय भाषांसाठी इंडिकबर्ट केलं. २०२३ साली त्यांचं इंडिकट्रान्स२ आलं, ते आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत भाषांतर करतं, कोंकणीतसुद्धा. गूगलचं म्युरिल २०२१ चं. त्यात कोंकणी नाही, मराठी आहे, आणि ते भारतीय भाषांच्या रोमी लिपीतल्या मजकुरावरही शिकलेलं आहे. तुझ्या बारातले चार मेसेज रोमीत आहेत, म्हणून तुझ्यासाठी मी म्युरिलला झुकतं माप देईन. बहुभाषी बर्ट घेतलंस तर ‘केस्ड’ घे. ‘अनकेस्ड’ प्रकार अक्षरांवरच्या खुणा पुसतो आणि त्यात आपले उकार, मात्रा, अनुस्वारही जातात. ‘मुलं’ आणि ‘मल’ दोन्ही त्याला ‘मल’ दिसतात. शाळेची तक्रार मलनिस्सारणात जाईल.

कोंकणी मेसेज आधी मराठीत भाषांतर करून घ्यावेत का, असं तुझ्या मनात येईल. नको. ‘करंट गेलो’ या दोन शब्दांच्या मेसेजचं भाषांतर बिघडायला फार लागत नाही. एक पायरी वाढली की चुकायची एक जागा वाढते. विषय ओळखण्यासाठी कोंकणी मेसेज कोंकणीतच शिकव.

आता दादांचं म्हणणं. त्यांना उडवून लावू नकोस. मराठी, कोंकणी, रोमी यांची अशी खिचडी उदाहरणं न देता समजून घ्यायची तर आज मोठी भाषा-मॉडेलंच सगळ्यांत पुढे आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण ‘सरळ दे’ मधल्या ‘सरळ’ला माझी हरकत आहे. या मेसेजमध्ये माणसांचे फोन आहेत, घर क्रमांक आहेत, ‘शेजारी गटाराचं पाणी सोडतो’ म्हणून शेजाऱ्याचं नावही आहे. लोकांनी ते तुमच्या संस्थेला विश्वासाने कळवलंय, परक्या कंपनीच्या संगणकाला नाही. शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. बाहेर काही पाठवण्याआधी नंबर आणि नावं झाक. आणि नंबर झाकताना लक्षात ठेव, आपल्याकडे लोक फोन देवनागरी अंकांतही लिहितात. इंग्रजी शून्य ते नऊ एवढाच कंस लिहिलास तर ते सगळे सुटतील. पायथनची बॅकस्लॅश-डी ही खूण दोन्ही पकडते. (हीच भाषा आपले काने सोडते आणि आपले अंक मात्र धरते. तक्रार करायची तर कोणाकडे?)

दुसरं म्हणजे ही मॉडेलं पैसे टोकनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर घेतात, आणि देवनागरीचे तुकडे सहसा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. मुळात यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. ‘पणजी’ला बारा बाइट लागतात, तेच नाव रोमीत सहा बाइटांत मावतं. नऊ हजार छोट्या मेसेजना हा खर्च डोंगराएवढा नसतो, पण सरांना ‘शून्य’ ऐकायचंय म्हणून सांगून ठेवलेलं बरं. तिसरं, आज ज्या मॉडेलने काम केलं ते उद्या बंद होऊन त्याच्या जागी दुसरं येतं, आणि मग तोच मेसेज दुसऱ्या खणात जातो. वापरशील तेव्हा विषयांची बंद यादी दे, ‘कळत नाही’ म्हणायची मुभा दे, आणि कोणत्या तारखेला कोणतं मॉडेल वापरलं ते नोंदवून ठेव.

पायाचं बोलू या. तू पाया म्हणतेस तो लायब्ररीचा, आणि तिथेच मला तुझं गृहीतक कच्चं वाटतं. २००१ चं एनएलटीके, २०१५ चं स्पेसी, २०१८ नंतरचं बर्टचं सगळं गणगोत आणि आता ही संवाद करणारी मॉडेलं. प्रत्येक वेळी आधीचा कोड लोकांनी अडगळीत टाकला. ज्यांच्याकडे हाताने नीट खुणा लावलेला मजकूर होता, त्यांनी तो उचलला आणि नव्या साधनावर ठेवला, बस. चिऱ्याचं जोतं घालायचंच असेल तर ते तुझ्या वर्गवारी केलेल्या मेसेजचं घाल. वरचं छप्पर नळ्यांचं की पत्र्याचं, ते दर पाच वर्षांनी बदलेलच.

तेव्हा करायचं असं. नऊ हजारांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाचशे मेसेज उचल. पहिले पाचशे घेऊ नकोस. ते एकाच मोसमातले निघतील, आणि पावसातल्या तक्रारी वेगळ्या, एप्रिल-मेमधल्या वेगळ्या. ते पाचशे तू आणि दादा, दोघांनी वेगवेगळे बसून लावायचे, एकमेकांचं न बघता. मग ताळा घ्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे खरं काम आहे. ‘रस्ता खणला आणि पायप फुटला’ हा पाण्याचा की रस्त्याचा? तुम्ही दोघं भांडताय तर मॉडेलकडून एकमताची अपेक्षा कशी? बहुतेक वेळा असं निघतं की विषयांची यादीच चुकलीय, एका मेसेजला दोन विषय लावायची सोय हवी होती. हे कोणतंही साधन तुला सांगणार नाही. आणि वाद घालताना दादांशी तुझं निम्मं भांडण आपोआप मिटेल, कारण बोलणं ‘जुनं की नवं’ यावर न राहता ‘हा मेसेज कुठे’ यावर येईल.

पाचशेतले दोनशे बाजूला कुलुपात ठेव. त्यांना शिकवताना हात लावायचा नाही, फक्त परीक्षेला वापरायचे. उरलेल्या तीनशेंवर सगळ्यांत साधी गोष्ट आधी कर. पाण्यासाठी पाणी, नळ, टँकर, उदक, विजेसाठी लाइट, करंट, खांब, अशी शब्दयादी. दोनशेंवर तिला किती गुण पडतात ते लिहून ठेव. मग सायकिट-लर्नमध्येच अक्षरांचे तुकडे मोजणारा प्रकार लाव, दोन ते पाच अक्षरांचे, आणि त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे तुकड्यांना वजन देऊन विषय ठरवणारी पद्धत. हा प्रकार मला फार आवडतो. त्याला शब्द कुठे तुटतो याची फिकीर नसते. ‘फोंड्यात’, ‘फोंड्याहून’, ‘फोंड्याक’ यांतल्या ‘फोंड्या’चे सामाईक तुकडे तो आपसूक धरतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पचवतो, आणि कोंकणी आहे की मराठी हे विचारतही नाही. त्याच तीनशेंवर मग म्युरिल किंवा महाबर्ट शिकवून बघ. शेवटी नावं झाकून दादांचं एआय. चौघांची परीक्षा एकाच पेपरवर. गुण बघताना एकूण टक्के बघू नकोस, विषयवार बघ. निम्म्याहून जास्त मेसेज पाण्याचे असतील तर डोळे झाकून ‘पाणी, पाणी’ म्हणणारासुद्धा पास होतो, आणि बांधांच्या तक्रारी सगळ्या बुडतात.

बांधांवरून आठवलं. तुझ्या नमुन्यात एक मेसेज आहे, ‘खाजनातल्या मानशीची फळी मोडलीय, खारं पाणी शेतात येतंय.’ खाजन (बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतजमीन) आणि मानस हे शब्द आपल्याला घरचे. पुण्या-मुंबईच्या मजकुरावर वाढलेल्या मॉडेलला ‘मानस’ म्हणजे मन, नाहीतर कुणाचं तरी नाव. त्या मॉडेलने भरतीचं पाणी अडवणारं दार कधी बघितलेलंच नाही. तसंच कुळागर, भाटकार, मुंडकार, कोमुनिदाद. अशा शब्दांची एक वही तू स्वतः घाल. चाळीस-पन्नास शब्द होतील, पण ते दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाहीत.

गावांसाठी मॉडेल नकोच, यादी कर. बारा तालुके, १९१ ग्रामपंचायती, वर नगरपालिका आणि वाडे. प्रत्येक नावाची सामान्यरूपं आणि कोंकणी रूपं सोबत घाल : म्हापसा, म्हापशात, म्हापशां, पेडणे, पेडण्यात. रोमीतली नावं वेगळी घाल, एकेका नावाची तीन-तीन स्पेलिंगं निघतील. कंटाळवाणं काम आहे, दोन शनिवारांचं. ‘साखळी’ गाव की दाराची साखळी, ‘सांगे’ तालुका की कुणी काही सांगे, एवढे चार-पाच संशयित वेगळे काढ आणि ते माणसाने बघावेत.

यादी जुळवण्याआधी मजकूर एकसारखा करून घे, आणि इथे एक खड्डा आहे. ‘दऱ्या’तला तो आडवा र दोन प्रकारे टंकला जातो. कुणी ऱ आणि हलन्त वापरतं, कुणाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारी जोडखूण टाकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ अशी सफाई केलीस की दुसऱ्या प्रकारातली ‘दऱ्या’ ‘दर्या’ होते. सत्तरी तालुक्याच्या डोंगरातला मेसेज थेट समुद्रात. तेव्हा मजकूर एकसारखा करणारा कोणताही नॉर्मलायझर चालवण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घे. ‘ॲ’चंही तसंच. तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र चढवूनही, आणि युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतर त्या दोघांना एक करत नाही.

इतर वाचकांपैकी ज्यांचा मजकूर मोबाइलवरचा नसून जुन्या कार्यालयीन फायलींतला आहे, त्यांचं पहिलं काम याच्याही आधीचं. युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल आधी युनिकोडमध्ये आणायची, छापील कागद असेल तर टेसरॅक्टसारख्या छापील अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरमधून काढायचा, त्यात मराठी आहे. आणि निघालेला मजकूर माणसाने वाचायचा. त्याआधी मॉडेलचं नावही काढू नये.

सरांच्या ‘शून्य खर्चा’बद्दल थोडंसं. एनएलटीके, स्पेसी, स्टॅन्झा, सायकिट-लर्न सगळं फुकटच आहे. तुझे तीन महिने फुकट नव्हते, ते पगारात गेले. पाचशे मेसेज लावायला दोघांचे मिळून तीन-चार दिवस लागतील, तेवढे कामाच्या वेळेत माग, घरी रात्री बसून करू नकोस. आणि कुठलाही तयार संच वापरताना परवाना वाच. काहींवर व्यावसायिक वापराला मनाई असते, आणि तुमची संस्था उद्या हे काम एखाद्या पालिकेला विकणार असेल तर ते आजच कळायला हवं.

लॅपटॉप घेऊ नकोस. शब्दयादी आणि अक्षरांचे तुकडे तुझ्या आत्ताच्या यंत्रावर मिनिटभरात चालतील. म्युरिल शिकवायची वेळ आली तर गूगल कोलॅबवर काही तास ग्राफिक्स कार्ड फुकट मिळतं, तीनशे मेसेजना ते पुरतं. फक्त तिथे चढवतानाही नावं-नंबर आधी झाकलेले असू देत. चवथीच्या आधी ते दोनशे मेसेजचे गुण मला कळव, चारही रकान्यांत. त्यात म्युरिल बाकीच्यांच्या खूप पुढे असेल आणि रोज नवे मेसेज त्यातून काढायचे असतील, तर मग हप्त्यांचं बोलू.